चित्रातली शेवई

तिसगाव,
चैत्र वद्य पंचमी, शके १८६९

मला न विचारता मला पुस्तकात घालायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मास्तर? जित्या माणसाचं चित्र छापायचं तर आधी त्याच्या दारी येऊन विचारावं. शब्द तुमचे, चित्रं तुमच्या इंदूची, असं वर छापलं आहे. माझं नाक वांग्याएवढं काढलं आहे. लुगडं पिवळं केलं आहे, हळद फिटल्यापासून मी पिवळं नेसले नाही. शेवयांच्या पाटाला चार धड पाय काढलेत. आमच्या पाटाला तीन पाय धड, चौथ्याखाली वीट लागते. इंदूला हे पक्कं ठाऊक आहे, वीट तीच सारायची. आणि पानापानावर मी हसते आहे. मला हसताना गावात कुणी पाहिलं आहे?

बरं. आता रीत. शामकांत मास्तर यांना बनुबाईचा नमस्कार. दमयंतीबाईंनाही. इंदूला आशीर्वाद लिहिणार होते, पण ते पुढं बघू. इकडे सगळे खुशाल. आमच्या सहादेवाचा थोरला बैल लंगडतो. साखर कार्डावर मिळते, मुंगीनं वाटून दिल्यासारखी. बेलापूरला तुमच्याकडे पाणी तरी मुबलक असेल.

अक्षर बघून हसू नका. हे मी स्वतः लिहिते आहे, आज चौथा दिवस. हे अक्षर तुमच्या पोरीचंच. तुटक्या शेवया ती सुपात मांडून त्यांची अक्षरं करायची आणि मी वाचल्याशिवाय वाळायला टाकू द्यायची नाही. तुम्हाला हे माहीत नसेल, आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. "आजी, बोलताना हाय म्हण, पण लिहिताना आहे लिहायचं," असा तिचा दम. आठ वर्षांची टीचभर पोर, आणि मला दम! पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतलं असतं तर शुद्ध झालं असतं. पण लिहिणाऱ्याला आधी सगळं सांगावं लागलं असतं.

पुस्तक नातीनं आणलं, रतननं. शाळेतून पळतच आली. "आज्जे, ही तूच हायेस! उंदराचे दोन दात बी काढल्यात!" मग हेडमास्तर आले. म्हणाले, अक्षय तृतीयेला शाळेत कार्यक्रम आहे, तुम्ही इंदूला घेऊन येणार, आणि मला खुर्चीवर बसवून लुगडं-चोळी द्यायची. म्हातारी आणि लहान पोर यांची मैत्री कशी असावी ते गावातल्या मुलांना कळेल म्हणे. मी म्हटलं, मला खुर्चीवर बसता येत नाही, पाय लोंबतात. ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी लाजते.

लाजच आहे, मास्तर. पण त्यांना वाटली ती नव्हे.

पुस्तक मी रतनला झोपाळ्यावर बसवून तिच्याकडून ऐकलं, मग एकटीनं परत पाहिलं. पहिल्या पानावर माझ्या हातातून शेवई निघते ती पुढं तुटतच नाही. पान उलटलं तरी तीच. बोकडाच्या शिंगाला वेढा घालते, लिंबाच्या झाडावर चढते, शाळेत जाऊन येते, आणि दर पानावर तिचं दुसरं टोक इंदूच्या हातात. तेवढं खरं आहे. माझी नजर तेव्हाच अधू झाली होती. मी पाटावर कणीक चोळायची, खाली उतरणारी शेवई ती दोन्ही हातांवर झेलायची आणि खाटेवरच्या काठीवर टाकायची. "आजी, जाड येतीय!" "आजी, तुटंल, तुटंल!" हात माझे आणि डोळे तिचे. मी तिला बामणाची टिटवी म्हणायचे, ती मला उंदीरआजी. दमयंतीबाईंना आधी आवडत नव्हतं, पोर आमच्यात भाकरी खाते म्हणून. नंतर त्याही काही म्हणेनाशा झाल्या. तीन उन्हाळे असे गेले.

बाराव्या पानावर मात्र तुम्ही लिहिलं आहे, "एके दिवशी बाबांची बदली झाली." पोरांना खरं बोलायला शिकवता आणि असं छापता? बदली झाली नव्हती. तुम्ही मागून घेतलीत. का, ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक.

त्या दिवशी शेवया वळताना माझ्या सासूची बोरमाळ तुटली. दोरा कुजला होता. मणी ओसरीभर उडाले. इंदू खाटेखाली रांगून वेचत होती आणि परकराच्या ओच्यात टाकत होती. एकेचाळीस मण्यांची माळ, मोजले तर चाळीस. पाच बायका बसल्या होत्या. बायकांच्या जिभेला हाड नसतं. शेजारची छबूबाई तर माहीतच आहे तुम्हाला, तिनं

इथं तीन दिवस अडले होते. छबूबाईवर ढकलून कागद पुरा करायचा बेत होता. छबूबाई तसं काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "बने, दमानं घे, पोर हाय." बोलले ती मी. मी तिचा ओचा झटकला. मग म्हटलं, "तोंड उघड." तिनं उघडलं. माझ्या बोटांना कणीक होती, ती बोटं मी तिच्या तोंडात घालून गालाच्या आतनं फिरवून बघितली, पाच बायकांसमोर. मणी नव्हता. तरी म्हटलं, "गिळला असंल. हाताला लागंल ते उचलायची सवय दिसतीया."

पोर रडली नाही. ओठाला कणीक लागली होती, ती पुसली नाही. तशीच उठून घरी गेली.

संध्याकाळी तुम्ही आलात. म्हणालात, घरात सगळं धुंडाळलं, नाही सापडला. हात तुम्ही जोडलेत, मास्तर. मी पान चघळत बसले होते.

आता पुढचं. दुसऱ्या वर्षी चैत्रात पाट धुवायला काढला. उलटा केला तर त्या मोडक्या पायाच्या खोबणीत, जिथं वीट लागते तिथं, वाळून दगड झालेल्या कणकेत मणी. नखानं उकरून काढला. माळेत ओवला असता तर कुणी ना कुणी विचारलं असतं. म्हणून चंचीत टाकला, सुपारीच्या कप्प्यात. सहा वर्षं झाली. पान खाताना दरवेळी बोटाला लागतो. तेव्हा मला लिहिता येत होतं. शाळेत विचारलं असतं तर तुमचा पत्ताही मिळाला असता. नाही लिहिलं. का म्हणाल तर चोर पोर परगावी गेली होती आणि मी गावात होते. गावात मान खाली घालायची नव्हती, एवढंच. दुसरं कारण शोधून पाहिलं, मिळालं नाही.

तुम्ही कुणाला न सांगता गेलात, म्हणून गाव सात वर्षं त्या पोरीला चोरच समजतं. आणि तिच्याच पुस्तकापायी मला खुर्चीवर बसवणार.

काल बायका शेवयांना आल्या तेव्हा चंची उलटी केली. मणी पाटावर ठेवला आणि कुठे सापडला, कधी सापडला ते सांगितलं. मग छबूबाई म्हणाली, "सहा वर्सं सुपारीसंगं सोनं चघळलंस व्हय गं?" मी म्हटलं, व्हय. तिनं हात धुतले आणि निघून गेली. तिची मळलेली कणीक अजून माझ्याकडे पडली आहे. सहादेव म्हणाला, "आई, आता ह्या वयात कशाला उकरायचं?" मी म्हटलं, वय संपत आलंय म्हणूनच. हेडमास्तरांना जाऊन सांगितलं, तर ते बिचारे विचारतात, "मग खुर्चीचं काय करायचं?" मी म्हटलं, खुर्ची आणा, पोरीला बसवा. मी खाली बसेन, माझी सवय आहे.

शेवटच्या पानाचं लिहायचं राहिलं. ते मी टाळत होते.

तुम्ही निघालात त्या सकाळी इंदू एकटी आमच्या दारी आली होती. मी आतून कडी घातली आणि सुनेला म्हटलं, परसातनं जाऊन सांग, सासूबाई रानात गेल्यात. सुनेनं सांगितलं. तरी पोर गेली नाही. दाराखालच्या फटीतून मला तिचे पाय दिसत होते. डाव्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा गेली. मला वाटलं होतं, तिला खरं वाटलं असेल.

त्या पानावर आमचं दार काढलं आहे, बंद. कडीसुद्धा बरोबर काढली आहे. लांब मोटार उभी आहे. इंदू दारासमोर आहे. रतन म्हणाली, "आज्जे, ह्या पानावर तू न्हाईस." मी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. इंदूच्या हातातून शेवई निघते, उंबऱ्यावरून जाते आणि दाराखालच्या फटीतून आत शिरते. तिथंही तुटलेली नाही. मी रतनला म्हटलं, "हाय की. दाराआड हाय."

पोरीला तेव्हाच कळलं होतं, मास्तर. मी आत आहे हे ठाऊक असताना ती उभी राहिली होती. आणि ठाऊक असताना तिनं मला बाकीच्या पानांवर हसायला लावलं. ते का, हे मला समजत नाही. अपमान केला असता तर समजलं असतं.

मणी टपालानं पाठवत नाही. तो पाटावरच ठेवला आहे. ज्यांनी तिचं तोंड उघडलेलं बघितलं त्यांच्यादेखत तिच्या हातात द्यायचा आहे. ती आली तर. दाराची कडी मी काढून टाकली, कुत्री आत येतात म्हणून सून ओरडते.

तुम्ही भले गृहस्थ आहात. तुम्ही लिहाल, झालं गेलं विसरा, मनाला लावून घेऊ नका. तसलं पत्र आलं तर मी फोडणार नाही, चुलीत घालीन. यायचं की नाही ते इंदूनं ठरवायचं आणि तिनंच लिहायचं. शिव्या असल्या तरी चालतील, तिनंच शिकवलं आहे, वाचीन. दमयंतीबाईंनी सांगून लिहवायचं नाही, तुम्ही शुद्ध करायचं नाही. तुम्ही नुसतं तिकीट लावा.

बनुबाई