विक्रमदादाला काही न देण्याचे कारण

मी, डॉ. प्रमोदिनी रघुनाथ देवपुजारी, वय ६६ वर्षे, अविवाहित, व्यवसाय रक्ताच्या कर्करोगावर उपचार करणे, राहणार रामदासपेठ, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाच्या दडपणाखाली नाही. प्रकृती ठीक आहे. मन स्थिर आहे असे लिहावे लागते, म्हणून लिहिते. एकतीस वर्षे रोज कुणाला तरी रिपोर्ट समजावून सांगितला की मनात फारशी हालचाल उरत नाही. त्याला स्थिर म्हणत असतील तर ते आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. रामदासपेठेतला फ्लॅट आणि बँकेतली सर्व शिल्लक मयुरा आणि चिन्मयी यांना निम्मी-निम्मी द्यावी. मयुरा माझ्या धाकट्या भावाची, सुशीलची पत्नी. चिन्मयी त्यांची मुलगी. सुशील २००८ साली रक्ताच्या कर्करोगाने गेला. उपचार मीच करत होते.

२. सूक्ष्मदर्शक यंत्र मी शिकले त्या महाविद्यालयाला द्यावे. टेबलाच्या वरच्या खणात एक काचपट्टी आहे, तिच्यावर सुशीलच्या हाडातल्या मगजाचा नमुना आहे. ती कोणाला देऊ नये. दवाखान्याच्या काचेच्या कचऱ्यात टाकावी.

३. दवाखान्यातले लांब लाकडी बाक नत्थूजींना परत द्यावे. ते जरीपटक्याला सुतारकाम करतात. बाक त्यांनीच करून दिले होते. अठरा वर्षांपासून ते रक्ताच्या कर्करोगाची एक गोळी रोज घेतात आणि दर खेपेला विचारतात, "मॅडम, हे गोळी बंद कधी होईन?" मी म्हणते, "जगायचं आहे तोवर घ्या." ते म्हणतात, "मंग खातो. मले कुठं जायची घाई हाय?" माझ्या हातून जगलेल्यांपैकी ते एक. याचा मला आनंद व्हायला हवा, हे मला माहीत आहे.

४. पेशंटच्या फायली ही माझी मालमत्ता नव्हे. त्या माझी सहकारी डॉ. भैरवी बोबडे हिने पुढे चालवाव्या. तिने दुपारी वेळेवर जेवावे. मी जेवत नसे, त्याने कोणी वाचले नाही.

५. माझे दिवस करू नयेत. त्यासाठी ओपीडी बंद ठेवू नये.

६. माझा मोठा भाऊ विक्रम, वय ७० वर्षे, याला मी काहीही देत नाही. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

२००७ साली सुशीलचा आजार कळला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, चिन्मयी चारची. औषधाने आजार दबला असता, पण तो परत येऊ नये म्हणून भावंडाच्या मूळ पेशी हव्या होत्या. तपासणीत माझे पाचच गुण जुळले. विक्रमदादाचे दहापैकी दहा जुळले. हे मी त्याला सांगितले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात आला आणि पेशंटच्या खुर्चीत बसला.

"पमा, मला नाही जमत गं. जुळलं नाही म्हणून सांग."

"दादा, सगळे दहा जुळलेत."

"ते तुला कोण विचारून राहिलं? तू डॉक्टर आहेस. तू म्हणशील ते खरं."

दात्याला नाही म्हणायचा हक्क असतो आणि तो नकार झाकून ठेवणे हे डॉक्टरचे काम असते. इतर घरांसाठी मी ते केले होते. भावासाठीही केले. सुशीलने विचारले, "दादाचं नाही जुळलं? लोक तर म्हणायचे, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं." मी म्हटले, "दिसण्याशी संबंध नसतो."

चौदा महिन्यांनी तो गेला. त्या सकाळी मी अकरा पेशंट तपासले. पेशी मिळून तो वाचलाच असता असे मी शपथेवर सांगू शकत नाही. निम्मी आशा होती.

पहिल्या मसुद्यात मी "विक्रम घाबरला" असे लिहिले होते. वाचून त्याने ते खोडायला लावले. म्हणाला, "घाबरलो नव्हतो. नको वाटलं. तेवढंच." म्हणून तसे लिहिते.

त्यानंतर सतरा वर्षे त्याने चिन्मयीला शाळेत सोडले, आणले, गाडी शिकवली. मयुरा म्हणते, "दादा नसते तर आम्ही उभ्या राहिलो नसतो." ते खरे आहे. मी ऐकून घेत आले.

या मार्चमध्ये चिन्मयी जेवताना म्हणाली की मिहानच्या तिच्या ऑफिसात मूळ पेशी दानाचे शिबिर झाले, तिने दाता म्हणून नाव दिले. "गालात बोळा फिरवतात, बस. कुणाशी जुळलं तर देईन मी. बाबांना कुणी मिळालंच नाही ना." दादा ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "लिहून ठेव. तू गेल्यावर त्यांना कळू दे."

"मी गेल्यावर उत्तर कोण देईल?"

तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "बरं. तू म्हणशील तेव्हा सांगू."

आता माझ्याविषयी. नाही म्हणणाऱ्या प्रत्येक दात्याला मी दुसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा एकदा विचारते. काहींनी मन बदलले आहे. दादाला मी विचारले नाही. त्या दुपारी बाहेर चाळीस पेशंट होते. मी बेल वाजवली आणि पुढचा आत आला. फोन दुसऱ्या दिवशीही करता आला असता. का केला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मयुराने विचारले तर हेच सांगेन.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकिलांनी सांगितले. दादाची सही मला याखाली हवी आहे. म्हणून त्याला काही नाही. हे त्याला मान्य आहे.

सह्या झाल्यावर याची प्रत घेऊन आम्ही दोघे आजच मयुराकडे जात आहोत. तिला फोन केला. ती म्हणाली, "या, जेवायलाच या. चिन्मयी पण घरीच आहे." मी हो म्हटले.

मृत्युपत्र करणार:
(सही) प्रमोदिनी रघुनाथ देवपुजारी

आम्हा दोघांच्या समोर त्यांनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली:

साक्षीदार १: (सही) विक्रम रघुनाथ देवपुजारी. सर्व वाचले. बरोबर आहे.

साक्षीदार २: (सही) डॉ. भैरवी बोबडे. लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत, हे मी तपासले आहे.

नागपूर, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा.