आत्तींचं वाजतं पायताण

आत्ती, तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या परगावच्या थोरल्या बहिणीची पत्रं मीच वाचून दाखवायची आणि तुम्ही दर ओळीला "आन काय म्हणती?" असं विचारायचात. हे पत्र मात्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेण्यातलं नाही, त्यामुळं तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहितेय तेच बरं. विषय तुमच्या लेकाच्या खुळाचा आहे. ते खूळ उपजत की कुणी शिकवलेलं, हे आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं. शिवाय मला एक गोष्ट कबूल करायची आहे, पण ती शेवटी सांगते. आधीच सांगितली तर माझ्याच्यानं पुढचं लिहून व्हायचं नाही.

तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. सुगरण घरटं विणते ते उपजत, सर्कशीतला हत्ती स्टुलावर बसतो ते शिकवलेलं, असं फळ्यावर मधोमध रेघ मारून मी दोन्हीकडं लिहायची. रेघेच्या कुठल्या बाजूला काय जातं याबद्दल मला कधी शंका आली नाही. शिवाजी पेठेतल्या तुमच्या त्या तीन खोल्यांत मात्र पहिल्याच आठवड्यात माझी ती घमेंड उतरली. शाळेला उशीर झाला होता, पर्स आत राहिली होती, म्हणून चपलेसकट दोन पावलं आत टाकली. तुम्ही चुलीपासून जे ओरडलात ते समोरच्या तालमीत ऐकू गेलं असणार. "ए शिकल्याली! उंबऱ्याच्या आत पायताण? आमच्या म्हशीलाबी कळतंय कुटं थांबायचं!" मी तिथल्या तिथं चपला काढून हातात घेतल्या, आणि तशीच अनवाणी रिक्षात बसले.

त्याच महिन्यात आम्ही नवी जोडी जोतिबाला गेलो. लग्नात आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मुद्दाम करवून दिलेला वाजता जोड पायात होता, तळाच्या दोन कातड्यांमध्ये कसलंसं बी घालतात आणि पाऊल टाकलं की करकर वाजतो, तसला. दर्शन झालं, नारळाच्या दुकानात ठेवलेल्या चपला मी पायात घातल्या आणि दगडी पायऱ्या उतरायला लागले. करकर, करकर. चार पायऱ्यांनंतर बघते तर हे मागंच उभे. तोंडावर गुलाल होता, पण कान लाल झाले होते ते काही गुलालानं नव्हे. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "काय न्हाई. तू हो पुढं. सावकाश चाल." मला वाटलं, बायकोची काळजी करणारा नवरा मिळाला! मैत्रिणीला मी तसं कळवलंसुद्धा.

मग एक दिवस त्यांनी विचारलं. कारखान्यात लेथवर केसाएवढीही चूक न करणारा माणूस, पण ते एक वाक्य बोलायला त्यांना अर्धा तास लागला. "ती पायताणं आपल्या खोलीत घालशील? तो आवाज आला की मला... म्हंजे तुझ्याकडंच बघत बसावं वाटतंय. जवळ यावं वाटतंय." आत्ती, मी काय केलं असेल? मी त्यांची उलटतपासणी घेतली. हे कुणी शिकवलं? तालमीतल्या कुठल्या दोस्तानं? कसली पुस्तकं वाचता? एवढा वाढलेला माणूस पायताणाला भुलतो म्हणजे वाईट संगतच असणार, असं माझं शास्त्र सांगत होतं. ते बिचारे म्हणाले, "कुणी न्हाई गं शिकवलं. मलाच ठावं नव्हतं. जोतिबाला तुझ्या पायात वाजलं तवा कळलं." माझा विश्वास बसला नाही. पुढं तीन महिने त्यांनी तो विषय काढला नाही आणि मी त्यांच्याशी धड बोलले नाही. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, ह्या माणसाला मी आवडते की माझं पायताण? मी नसले आणि चपला असल्या तर ह्याचं भागेल की काय? हसू नका. त्या वयात त्या प्रश्नावर मी रोज रडत होते. शेवटी कपड्यांची बॅग भरली आणि ठरवलं, माहेरी जायचं ते परत यायचं नाही.

त्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात वर्षाच्या चटणीच्या मिरच्या निवडत बसला होता. ते दृश्य मला अजून जसंच्या तसं दिसतं. लाल मिरच्यांचा ढीग, देठांचा वेगळा ढीग, मधे तुम्ही पदर नाकाला बांधून. मी सांगायला आत येते आणि दोघींना शिंका सुटतात. डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कुणाला कळायचा प्रश्नच नाही. तुम्ही मान वर न करता म्हणता, "माहेरला चाललीस तर जा. पर कारण सांगून जा. दारू पितुय?"

"नाही."

"हात उचलला?"

"नाही हो."

"मग दुसरी हाय व्हय कुणी?"

"आहे," मी म्हटलं.

तुमच्या हातातली मिरची खाली पडली. "कोण ती भवानी?"

"पायताण."

मी हुंदके आणि शिंका एकत्र देत सगळं सांगून टाकलं. सासूला सांगायची गोष्ट आहे का ती! पण सांगितली. तुम्ही आधी हसलात. हसता हसता शिंकलात, शिंकता शिंकता पदर सुटला, आणि मग डोळे पुसून माझ्याकडं रोखून पाहिलंत. मला वाटलं आता माझ्यावर फुटणार. तुम्ही उठलात, ट्रंक उघडलीत, तळातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलंत आणि उलगडलंत. तेल पिऊन काळाभोर झालेला जोड. तो तुम्ही पायात घातलात, उंबऱ्याच्या आत, चुलीपुढं, मिरच्यांच्या ढिगाला वळसा घालून चाललात. करकर, करकर. मला म्हशीवरून बोललेल्या बाई त्या तुम्हीच!

"ह्यांनी घेतल्याला जोड हाय," तुम्ही म्हणालात. ह्यांनी म्हणजे मामांनी, ज्या सासऱ्यांना मी फक्त फोटोत पाहिलं. "दार लावून घ्यायचं आन म्हणायचं, चाल बघू जरा, हिकडनं तिकडं चाल. मला वाटलं, येड्याच्या गळ्यात बांधली मला आईबानं."

"मग?"

"मग काय! चालली की."

तुम्ही लाजलात, आत्ती. पन्नाशीतली बाई अशी लाजलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मग सांगितलंत की लेक पोटात असताना मामांची गाडी उलटली, आणि नवरा नसलेल्या बाईनं वाजत चालू नये म्हणून त्या दिवसापासून जोड गुंडाळला. दर दिवाळीला तेवढं तेल लावायचं. "माझ्या पोरानं ह्यो आवाज कवा ऐकल्याला न्हाई. बाप तर बघितलाच न्हाई. आता सांग शिकल्याले, त्येला कुणी शिकवलं?" माझ्या फळ्यावरची रेघ तुम्ही एका वाक्यात पुसलीत. मी तरी अडून बसले. म्हटलं, मी आवडते की पायताण ते सांगा. तुम्ही कपाळावर हात मारलात. "आगं, बाजारात शंभर पायांत वाजतंय. जातुय काय ह्यो सगळ्यांच्या मागं? तुझ्या पायात वाजलं तवा भुलला. आन हे बघ, तुला नको वाटत आसंल तर न्हाई म्हण, ऐकंल त्यो, माझा गुणाचा हाय. पर एवढ्यासाठी घर सोडती व्हय कुणी?" मी बॅग परत आत नेली. मिरच्यांचे देठ संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून काढले.

आठवड्यानं तुम्ही एक नवा जोड माझ्यापुढं ठेवलात. स्वतः जाऊन करवून आणला होता. कारागिराला म्हणे तुम्ही सांगितलंत, आवाज खोलीत यायला पाहिजे पण शेजारी जाता कामा नये. तो हात जोडून म्हणाला, "काकू, तसलं बी अजून उगवलं न्हाई." घरात पायताण कसं चालेल, या माझ्या प्रश्नाला तुमचं उत्तर तयार होतं. जे रस्त्याला लागलंच नाही ते पायताण नव्हे, दागिना! तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की तुम्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचात, "मी धाकट्या बहिणीकडं चालली गं! दिवस मावळल्याबिगर येत न्हाई!" सगळ्या पेठेला तुमच्या बहिणीवरच्या मायेचं कौतुक होतं. पहिल्या रविवारी मी चालले ती ह्यांच्यासाठी, मन मोठं केल्यासारखी, नाक मुरडत. ते बघत बसले, नुसते बघत, जणू खोलीत दुसरं काही नाहीच. माझ्याकडं असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बॅग भरून निघालेली मीच होते ना, याची मला लाज वाटली आणि हसूही आलं. नंतर हे कागलच्या एमआयडीसीत लागले, पाळ्या बदलल्या, सुट्टीचे वार बदलले, जोडही दोन झिजले. संसार मात्र आमचा छान झाला, आत्ती. भांडलो खूप, पण रुसून कुणी बॅग भरली नाही.

आपलं भांडण चालूच राहिलं. तुम्ही म्हणायचात रक्तातच हाय. मी म्हणायची, एका बापलेकावरून शास्त्र होत नाही. शेवटच्या आजारपणात एका सकाळी तुम्ही मला पलंगाजवळ बोलावलंत. "माझा जोड पिशवीत घालून माझ्या पायापाशी ठीव. कातडं चालत न्हाई म्हणतील, तू कुणाला इचारू नको. ह्यांनी मला बघून इतकी वर्सं झाली. म्हातारी झाले मी. वाजल्याबिगर वळखायचं न्हाईत." मी तुमच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

आता कबूल करायचं ते सांगते. त्या दिवशी पिशवी माझ्या पदराखाली होती. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. मी वाकले, तोच चुलत नणंदबाईंनी विचारलं, "वैनी, पिशवीत काय?" सगळ्या भावकीच्या माना वळल्या. घरात निर्लज्ज व्हायला तुम्ही शिकवलं होतं, पण अंगणात ते शिकवणं कामाला आलं नाही. तोंडातून निघालं, "कापूर." "मग आण की हिकडं, कवाचा हुडकतोय!" आता पिशवीतून कापूर कुठून काढू? "हा संपलाय, आणते," असं काहीतरी बडबडत आत पळाले. डबा सापडेना. डबा घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्हाला उचललं होतं. तुम्ही अनवाणी गेलात, आत्ती. माझ्यामुळं. ह्यांनासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही.

जोड माझ्याकडंच आहे, त्याच लुगड्यात. दर दिवाळीला तेल लावते. आणि पितृपक्षात तुमच्या तिथीला, हे कामावर गेले आणि घरात कुणी नसलं की, तो पायात घालून चुलीच्या जागेपासून उंबऱ्यापर्यंत एक फेरी मारते. वर आवाज जावा, मामांनी कान टवकारावेत आणि तुम्ही सापडावात म्हणून. एक फेरी पुरे आहे, मला ठाऊक आहे. पण आज चार मारल्या. तुमच्यासाठी पहिलीच होती. उरलेल्या तीन मला तो आवाज आवडतो म्हणून. तुमच्या लेकाचं असेल उपजत, तिथं तुम्ही जिंकलात. माझं मात्र शिकलेलं आहे, आणि शिकवलं कुणी ते मिरच्यांच्या ढिगाभोवती चालणाऱ्या बाईलाच माहीत.