जुने पातळ कागद

४ फेब्रुवारी
नवी नोकरी एकदम झकास! ग्रंथालयाच्या तळघरात जुनी पुस्तकं दुरुस्त करायची. लांबलचक टेबल, डिंकाचा वास आणि वरच्या खिडकीतून दिसणारे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. चित्राची शाई समोरच्या पानावर उमटू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये पातळ कोरा कागद घालतात, फुंकर मारली तर उडेल असा. जुने काढून नवे घालायचे, हे माझं काम. जुने मात्र जाळूनच टाकायचे, असं बाइंडरकाकांनी दोनदा बजावलं. ते खूप प्यायलेले असतात, म्हणाले. कागद आणि प्यायलेले! मी हसू कसंबसं दाबलं.

६ फेब्रुवारी
चांगले धडधाकट कागद जाळणं जिवावर येतं. मूठभर गुपचूप घरी आणले. चिमी असती तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली असती, बाबा, तू चिक्कू आहेस. माझी सात वर्षांची लेक. तापाचं निमित्त झालं आणि गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. तिचे फोटो एकमेकांना चिकटायला लागलेत, म्हणून अल्बमच्या प्रत्येक पानावर एकेक कागद घातला. बरं वाटलं. जणू तिला पांघरूण घातलं.

९ फेब्रुवारी
कागदावर चिमी उमटली आहे! पडलेला दात, सुटलेली रिबन, सगळं. आता माझ्या दोन चिमी झाल्या. पोटभर रडलो.

११ फेब्रुवारी
फोटोत फ्रॉक आहे, झोपाळा आहे. चेहरा नाही. एकाही फोटोत नाही. कागदही पुन्हा कोरे. सगळे ओढून काढले, पण —
फोटो गेले तर गेले, ती माझ्या डोळ्यांपुढे आहे, असं म्हणत डोळे मिटले. फ्रॉक. झोपाळा.

१२ फेब्रुवारी
बाइंडरकाकांना सांगितलं. त्यांनीही एकदा असे कागद घरी नेले होते म्हणे. कुणाच्या फोटोंवर घातले, ते मात्र त्यांना सांगता येईना.

१३ फेब्रुवारी
ताईचा फोन. चिमीचं लाडकं गाणं कोणतं, विचारत होती. आठवेना. आवाजही आठवत नाही. लिहून ठेवतो. कोपरावर पडल्याची खूण. दुधावरची साय नको असायची. झोपताना माझं बोट —

१५
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. सात वर्षांची लेक, असं लिहिलंय. वाचून रडू यायला हवं. येत नाही.
आरशासमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. बाबा, तू चिक्कू, म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. बाबा, तू —