शिवणाची खोली पाववाल्याला द्यायची नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, ही माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. पोट नाही; पण कायद्याला फक्त डोके लागते, असे वकील म्हणाले. कोणी बळजबरी केलेली नाही. बळजबरी मला जन्मभर फक्त खाण्याची झाली.

१. मला सीलिॲक आहे. गव्हाचा कणही आतड्याला सोसत नाही. हे कळेपर्यंत निम्मे आयुष्य गेले. तोवर डॉक्टर म्हणत, "मनाला लावून घेऊ नका," आणि थोरल्या जाऊबाई म्हणत, "नखरे!" कळल्यानंतरही नातवाच्या वाढदिवसाला जाऊबाईंनी केक पुढे केला. "अगं, वरचं क्रीम खा, खालचं ठेव." मी खाल्ले. आठवडाभर अंथरुणात होते. त्यांना इस्त्री द्यायचे मनात होते. आता देत नाही.

२. वरचे घर मुलाला. कपाट, कात्र्या आणि मशीन सुनेला. माझी भांडी तिने पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली आणि त्याचा गवगवा केला नाही.

३. समोरची शिवणाची खोली गहू न सोसणाऱ्यांच्या आमच्या नोंदणी झालेल्या मंडळाला. ते असे सुरू झाले. माझ्यासारखे आणखी कोणी आहे का, हे मी डॉक्टरांना विचारले. "असतील," ते म्हणाले, "पण आम्ही कुठे शोधणार?" मग मीच शोधले. जिचे कपडे सैल होऊन सारखे आत घ्यावे लागत, तिला टेप गळ्यात असतानाच पोटाची चौकशी करी. तिघींना तपासणीला पाठवले. एक खरी निघाली. दुसरीचे लग्न ठरले होते, म्हणून जेवत नव्हती. तिसरी रोज पळायला जाई. तिला काहीही झालेले नाही, पण येत राहिली. सध्या ती अध्यक्ष आहे.

४. पहिल्या सभेला चिटणिसांनी सवयीने बिस्किटे आणली. सर्वांनी आभार मानले आणि हात मागे घेतले. पुढे ओट्सवरून फूट पडली, कारण त्यात गव्हाचे कण मिसळलेले असू शकतात. एक गट म्हणतो, शुद्ध ओट्स चालतात. दुसरा म्हणतो, जगात शुद्ध काही नसते. माणसे नऊ आणि सभा दोन. खोली मात्र एकच राहील आणि किल्लीही एकच. पटत नसेल तर भांडावे, पण याच खोलीत.

५. मुलाला ही खोली शेजारच्या पाववाल्याला भाड्याने द्यायची आहे. "आई, नऊ माणसांसाठी कोणी खोली अडवतं का?" पीठ हवेत उडते. ते एकदा या खोलीत आले की ती आमची राहत नाही. मागच्या महिन्यात एक बाई मुलीला घेऊन आली. ही पोरगी शाळेत डबा लपवून खाते. इथे तिने तो टेबलावर उघडला. मग दुसऱ्याच्या ताटातले उचलले, तिसऱ्याच्याही. आईने सवयीने हात धरला आणि मग सोडला. खोली यासाठी आहे. मुलाने रागवावे, पण कोर्टात जाऊ नये.

६. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. म्हणून ज्यांना काहीच मिळत नाही असे दोघे बोलावले. शोधावे लागले नाहीत.

पाववाल्यांनी हे सगळे वाचले.

"म्हणजे खोली मला नाहीच?"

"नाहीच," मी म्हणाले.

"आणि वर सहीही मीच करायची?"

जाऊबाई म्हणाल्या, "करा हो. ही मेल्याशिवाय यातलं काही होत नाही, आणि ही एवढ्यात मरत नाही."

पाववाल्यांनी पेनाकडे हात नेला आणि थांबले. बोटे पाहिली. बाहेर नळावर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाला न पुसता तसेच झटकत आले आणि सही केली. कागदावर पाण्याचे डाग आहेत. ते खाडाखोड समजू नयेत.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. थोरली जाऊ (सही) २. शेजारचे पाववाले (सही)
स्थळ: शिवणाची खोली
दिनांक: ११ ऑक्टोबर, शनिवार