चिनी चहाचा गुण

९ जून
माफ करा, लिहायला फार उशीर झाला. एक तारखेपासून रोज लिहायचे ठरले होते. माफी कुणाची मागतोय कोण जाणे, वाचणारा मीच. तरी मागितलेली बरी. लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींचा ढीग, त्यात शाळेचे गणवेश. टेन्शनने छातीत धडधड. आज जहाजावरच्या गिऱ्हाइकाने चिनी चहाचा पुडा दिला. म्हणाला, काका, पहिले पाणी ओतून द्यायचे, दुसरे प्यायचे, पिताना अवाक्षर काढायचे नाही. डोके थंड होते. उद्यापासून रोज दुपारी चारला हाच नेम.

११ जून
नेम आजपासून सुरू. काल वेळ झाला नाही. शटर अर्धे खाली. हिला बजावले, चहा होईपर्यंत हाक मारायची नाही. इस्त्री फिरवत म्हणाली, एवढा थाट तुम्ही जावयाचासुद्धा केला नाहीत. चव भिजलेल्या गवताची. पण मन शांत. इतके, की नंतर एका गणवेशावर इस्त्री तशीच राहिली.

१४ जून
चहाचा गुण घरभर पसरतो आहे. ही पूर्वी जिना धडाधड चढायची. आता मधे थांबते, कठडा धरते, मग पुढे. लग्नानंतर प्रथमच अंगी निवांतपणा आला. तसे बोललो तर म्हणाली, तुमचा चहा आणि माझा दम, दोन्ही घोटघोटच मिळतात. जिभेला धार आहे, म्हणजे तब्येत उत्तम.

१७ जून
औषधाच्या दुकानदाराला नसत्या चौकशा. म्हणे, काकूंच्या पायांवर सूज आहे, डॉक्टरला दाखवा, आजच. दिवसभर उभे राहिल्यावर पाय सुजणारच. तरी त्याचे शब्द डोक्यातून जाईनात. चहा दोनदा घेतला. मग गेले. चादरींची ऑर्डर आटोपली की डॉक्टर. नक्की.

१८ जून, सकाळ
मुलीचा फोन. आईचा आवाज असा का येतोय, विचारत होती. सांगितले, आई शांत झाली आहे, माझ्या नेमामुळे. ती म्हणाली, बाबा, आई आणि शांत? मी शनिवारी येते. उगाच घाबरते. माझ्यावर गेली आहे.

२० जून
ही आता आडवी होत नाही. खुर्चीत बसूनच झोपते. योगी म्हणे असेच झोपतात. चहाच्या वेळेला तर फारच सांभाळते. आज काहीतरी सांगायचे होते बहुतेक. ओठ हलले, मग नेम आठवला असावा, गप्प राहिली. मी डोळे मिटून दुसरा कप घेतला.

२१ जून, संध्याकाळ
मुलगी बरोबर चारला शटरखालून वाकून आत आली. मी ओठांवर बोट ठेवले. ती माझ्याकडे बघेना. आईकडे बघत होती. हिचे ओठ निळे पडले होते. मला वाटले होते, उजेडच कमी आहे.

ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, सोबत एकच माणूस. ही मास्कमधून काही पुटपुटली. मुलीने मला सांगितले, आई म्हणते, ह्यांना नेऊ नका, हे घाबरतात.

मी घाबरलेलो नाही. फक्त हिच्या चपला इथेच राहिल्या. कुणाच्या लक्षात आले नाही. परत येताना काय घालणार?

पोरी, फोन उचल. उचलायचा नसेल तर कुणाकडून निरोप तरी पाठव, लवकर. कसाही असो. नाही, कसाही नको.