जाळं ओलांडलं

रविवार, नोव्हेंबर २०१७
तलासरी

चिंचणीला, ऑफिसातल्या रेश्माच्या घरी जाऊन आलो. ती डहाणूला मावशीकडे असणार हे माहीत होतं, म्हणूनच आजचा दिवस धरला. आधी तिच्या आईबाबांचा आशीर्वाद घ्यायचा, मग तिला लग्नाचं विचारायचं, असं ठरवलं होतं.

आणि अंगणातच घोळ घातला. तिचे बाबा मासेमारीचं जाळं पसरून सांधत बसले होते. मी झरी गावच्या शेतकऱ्याचा पोर, मला काय कळतंय? बांध ओलांडावा तसं ओलांडलं. चपलांसकट! त्यांचा हात थांबला.

"जाळं कोणी ओलांडत नाय. मागं जा न् वळसा घालून ये."

पण मागं जायचं तर पुन्हा ओलांडावंच लागणार! शेवटी तिच्या आईने जाळ्याचं टोक उचललं, मी वाकून खालून गेलो आणि वळसा घालून आलो.

मग एका दमात सगळं बोलून टाकलं. "तुम्ही हो म्हणालात तर तिला विचारतो."

आई म्हणाली, "म्हणजे तिला ठाऊकच नाय?"

"नाही. आधी तुम्हाला."

बाबा जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "परत तेच केलंस. तिला ओलांडून आमच्याकडं आलास. जा, आधी तिला विचार."

रागावले होते का? की हसले? मान वर केलीच नाही त्यांनी. ते जाळं डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिची आई आज तिला सांगणारच. उद्या ऑफिसात रेश्मा समोर उभी राहील, आणि टोक उचलून धरायला तिथे कोणी नसेल.