सत्तर वजा बावन्न

३ जानेवारी
रोजनिशी पुन्हा सुरू. या वर्षी एकही दिवस चुकवायचा नाही.
परवा लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवं लिगामेंट हाडात टायटॅनियमच्या स्क्रूने पक्कं केलंय. स्क्रू मीच सुचवला. डॉक्टरांचंही आधीच तेच ठरलं होतं म्हणे. असो. बावीस वर्षं लॅबमध्ये डुकराच्या हाडांत हेच स्क्रू बसवून मशीनवर ओढतोय.

१९ जानेवारी
मधले दिवस राहिले. आता नियमित.
फिजिओबाई म्हणाल्या, सहा महिने पळणं नाही, लांब उडी तर विसराच. निवड चाचणी मे महिन्यात! बाईंनी आयुष्यात एक तरी स्क्रू उपटलाय का? हिशेब साधा आहे. स्क्रू साधारण सत्तर किलोच्या ओढीला उपटून येतो. लेक बावन्न किलो. अठरा शिल्लक. ही म्हणाली, पोरगी काय भाजी आहे तोलायला? हिला सायन्स कळत नाही.

२ फेब्रुवारी
साहेब म्हणाले, हजार ओढींची टेस्ट नीट करत जा. थोडं ओढायचं, सोडायचं, असं हजारदा. स्क्रूने हाडात पकडलेला लिगामेंटचा पट्टा किती सरकला ते शेवटच्या रकान्यात लिहायचं. तासभर काही म्हणजे काही घडत नाही. मी मशीन लावून चहाला जातो. आल्यावर एकच जोरदार ओढ, काड्‌कन आवाज, आकडा तयार. शेवटचा रकाना रिकामा. आजवर कुणाचं काही अडलं नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी ६
लेकीला मैदानावर नेलं. नुसतं हळू पळायला. हिला सांगितलं, दूध आणायला जातोय. दूध आणायचं राहिलं.

११ मार्च
रोज पळवतोय. लेक म्हणते, बाबा, आत काहीतरी सरकतं. मनाचे खेळ. सत्तर किलो, मी म्हटलं. पुन्हा पळायला लागली. विश्वास आहे तिचा माझ्यावर.

२८ मार्च
छोट्या उड्या. परतताना माझा खांदा धरून चालली. लहानपणी चालायची तशी. फार बरं वाटलं.

९ एप्रिल
तपासणी. डॉक्टर म्हणाले, काही तुटलेलं नाही. मी हिच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग म्हणाले, लिगामेंट सरकून सैल पडलंय. एकदम नाही, रोज थोडं थोडं. पुन्हा ऑपरेशन. उडीचं आता मनातून काढा.
लेकीने विचारलं, बाबा, हे तुमच्या मशीनवर दिसत नाही का? नाही म्हणालो.
बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

११ एप्रिल
हजार ओढींची टेस्ट लावली. चहाला गेलो नाही. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. शेवटी मोजलं, पट्टा पाच मिलिमीटर सरकलेला. रकाना भरला. स्क्रू जागच्या जागी.
घरी येऊन लेकीला सांगितलं, मशीनवर दिसतं, मीच कधी पाहिलं नाही. ती म्हणाली, आत सरकतंय हे मला पळतानाच कळलं होतं बाबा, पण तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होता.
दूध आणायला गेलो. आज आणलं.